कपाळावरचे अकरा चाळीस

निर्मला,

तुझ्या तेरवीला लोकांनी तुझी पार देवी करून टाकली. ओसरीत खुर्ची, खुर्चीवर तुझा वर्दीतला फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि एकामागून एक उठून माणसं तुझे गुण सांगत होती. शाळेचे गुरुजी म्हणाले, निर्मलाताईंनी परदेशातल्या युद्धात जाऊन जखमींचे अश्रू पुसले. तेव्हा मला हसू आवरेना. अश्रू पुसायला तुला वेळ कुठे होता? तू तर जखमींवर खेकसायचीस. 'हात सोड, मले काम करू दे' हे वाक्य त्या देशातल्या निम्म्या माणसांना अर्थ न कळता पाठ झालं होतं.

मग मला बोलायला लावलं. फौजेतल्या नर्सिंग सेवेची निवृत्त अधिकारी, तेव्हाची मेजर, तुझी वरिष्ठ, तिकडे वर्षभर तुझ्यासोबत एका तंबूत राहिलेली. मी छान बोलले. शांतिसेना, आफ्रिकेतलं ऊन, तोफांचे आवाज, तुझी न थकता काम करायची सवय. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी बोलले ते सगळं खरं होतं, पण जे बोलायला हवं होतं त्यातलं त्यात काहीच नव्हतं.

पंगत उठल्यावर तुझ्या मायने मला आत बोलावलं. चुलीपाशी बसून तिने तुझे शेवटचे तीन दिवस सांगितले. अंगात ताप घेऊन तू आरोग्य उपकेंद्रात कामाला जात राहिलीस. माय म्हणाली रक्त तपास, तर तू म्हणालीस थकवा आहे. निर्मला, मुलचेऱ्याच्या त्या बंगाली वस्त्यांपासून जंगलातल्या पाड्यांपर्यंत तू लोकांची बोटं टोचत हिंडलीस. कुणी नाही म्हटलं तर त्याच्या सात पिढ्या काढायचीस. आणि स्वतःचं एक बोट टोचलं नाहीस. मलेरिया मेंदूत चढेपर्यंत थांबलीस. मला तुझं वाईट वाटायच्या आधी तुझा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

माय पुढे म्हणाली, "तापात सारखी टाइमच विचारे. म्या सांगलं का म्हणे, साडेतीन कमी कर. पुन्हा विचारे, पुन्हा म्हणे साडेतीन कमी कर. काय होतं बाई थे साडेतीन?"

मी म्हटलं, तापात माणसं काहीही बडबडतात. तेवढ्या वेळात दुसरं काही सुचलं नाही, असं मी बसमध्ये स्वतःला सांगितलं. तेही खरं नव्हतं. मला खोटं बोलायला कधीच वेळ लागला नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

आता सरळ तुझ्याशीच बोलते. नऊ वर्षं टाळलं ते बोलते.

तिकडे गेल्यावर सगळ्यांनी घड्याळं साडेतीन तास मागे घेतली. तू घेतलं नाहीस. तंबूच्या खांबाला मोठं घड्याळ आहे की, कामाला ते पुरे, मनगटावर घरचंच राहू दे, असं तुझं म्हणणं. आणि त्या घड्याळात तू वेळ बघत नव्हतीस, घर बघायचीस. तुझे बाबा तेव्हा होते. सकाळी जखमांच्या पट्ट्या बदलता बदलता मनगट उलटं करून म्हणायचीस, आता बाबा धानाच्या बांधीत उतरले, आता माय शिदोरी घेऊन निघाली, आता बैल सावलीला बांधले. मी तुझी टिंगल करायचे. 'कॅप्टन निर्मला, चामोर्शी तालुक्याच्या बातम्या संपल्या असतील तर इकडे बँडेज द्या.' तू हसायचीस. लोकांपुढे मला मॅडम म्हणायचीस, दोघीच असलो की बाई. ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या मला तुझी भाषा ऐकली की शाळेतल्या मैत्रिणी आठवायच्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही. वरिष्ठाने जरा अंतर ठेवावं असं मला वाटायचं.

आणि रेबेका. आपल्या तंबूच्या चादरी धुणारी, दंड माझ्या मांडीएवढे, हसली की दोरीवरची चादर हलायची. तिला तू जवसाची चटणी खायला घातलीस. तिने आधी तोंड वाकडं केलं आणि मग डबा आपल्याकडे ओढून घेतला. पुढे घरून आलेलं जवस निम्मं तिच्याच पोटात गेलं. तिची एक मुलगी होती, दहा-बारा वर्षांची, दोरीखाली बसून चिमटे मोजायची.

त्या सकाळी तोफगोळा पाण्याच्या टाकीपाशी पडला. सहा माणसं एकदम आली. रेबेकाला चौघांनी तिच्याच धुतलेल्या चादरीत उचलून आणलं. उजवा पाय गुडघ्याखाली उसवला होता. तू जांघेत मूठ दाबून धरलीस, मी मांडीला आवळपट्टा बांधला, रक्त थांबेपर्यंत त्याची दांडी पिळली. मग नियमाप्रमाणे कपाळावर वेळ लिहायची होती. पट्टा किती वाजता आवळला, हे पुढच्या सर्जनला त्या कपाळावरूनच कळतं. तीन तास झाले असतील तर तो पाय वाचवायला बघतो. सहा तास उलटून गेले असतील तर पट्टा सोडत नाही, त्याच्या वरून पाय कापतो. कारण तोवर पाय मेलेला असतो, आणि सोडला तर त्यातलं विष थेट हृदयात जातं. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं.

माझं घड्याळ रक्ताच्या हातमोज्याखाली होतं. खांबावरचं माझ्या पाठीमागे. मी मान न वळवता ओरडले, "वेळ सांग."

तू मनगट उलटं केलंस. "अकरा चाळीस."

मी मार्करने रेबेकाच्या कपाळावर अकरा चाळीस लिहिलं. खरी वेळ होती सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. तुझ्या घड्याळाची सगळ्यात जास्त टिंगल करणारी बाई मीच, आणि माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही. सोबतच्या चिठ्ठीवर वेळ लिहिली नाही, कपाळावर आहे म्हणून. आठ पन्नासला गाडी मोठ्या तळाकडे निघाली. रस्ता तासाभराचा. आपण दोघी उरलेल्या पाच जणांकडे वळलो.

इथपर्यंतचं तुला माहीत होतं. इथून पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही.

सव्वादहाला जरा उसंत मिळाली म्हणून मी रजिस्टर भरायला बसले. रेबेकाच्या नावापुढे पट्ट्याची वेळ लिहिली, अकरा चाळीस. पुढच्या रकान्यात रवानगीची वेळ लिहायला घेतली, आठ पन्नास, आणि हात थांबला. मी खांबाकडे पाहिलं. मग तुझ्याकडे पाहिलं. तू पलीकडे सलाइन लावत होतीस, मनगट चमकत होतं.

वायरलेस माझ्यापासून दोन पावलांवर होता, निर्मला. उचलायचा आणि सांगायचं, कपाळावरची वेळ चूक आहे, साडेतीन तास कमी करा. एवढं एक वाक्य. पण वायरलेसवरचं अख्खा विभाग ऐकतो. मेजर बाईंच्या तंबूत कुठल्या देशाची वेळ चालते, यावर मेसमध्ये महिनाभर हशा झाला असता. माझ्या बढतीची शिफारस त्याच महिन्यात वर जायची होती. मी म्हटलं, गाडी एव्हाना पोचली असेल. डॉक्टरला दिसेल की लिहिलेली वेळ अजून वाजायचीच आहे, तो स्वतःच समजून घेईल. मी रजिस्टरमधलं अकरा चाळीस खोडलं आणि वर आठ दहा लिहिलं. कपाळावर अकरा चाळीसच राहिलं.

एक वाजता निरोप आला की पुलावर गोळीबार चालू आहे, आपली गाडी सकाळपासून अलीकडेच अडकली आहे. म्हणजे कपाळावरची वेळ आता वाजून गेली होती. आता बघणाऱ्याला ती खरीच वाटणार होती. तेव्हाही वायरलेस तिथेच होता. पण आता सांगायचं तर सव्वादहाला का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. मी हात धुतले आणि वरणभात खाल्ला. तूही शेजारी बसून खाल्लास आणि म्हणालीस, रेबेकाचा पाय राहिला पाहिजे जी, नाई तं चादरी कोण धुवन.

पावणेतीनला मोठ्या तळावर तिला टेबलावर घेतलं. तिथले सर्जन डॉक्टर सहानी, त्यांनी कपाळ वाचलं आणि हिशेब केला, तीन तास. त्यांनी पाय वाचवायचं ठरवलं. शीर जोडली, पट्टा सोडला. ती थोडा वेळ ठीक होती आणि मग तिचं हृदय थांबलं.

निरोप आला तेव्हा ऊन उतरत होतं. तिने सकाळी वाळत घातलेल्या चादरी दोरीवर तशाच होत्या. तू त्या काढायला गेलीस आणि अर्ध्यातून परत आलीस. तुझा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं की तुला कळलं.

"बाई, म्या घरचा टाइम सांगला," तू म्हणालीस.

मी काय म्हणाले, आठवतं? मी म्हणाले, "अगं, हो की." जणू मलाही तेव्हाच कळत होतं. इतकं सराईत नाटक मी आयुष्यात दुसरं केलं नाही. तू तडक वायरलेसवरून डॉक्टरांना सांगायला निघालीस. मी तुझा दंड धरला. मेलेली बाई उठून बसणार आहे का, म्हटलं. तुझी नोकरी जाईल, बाबांना काय सांगशील, म्हटलं. आणि शेवटी हुकूम केला. मेजरने कॅप्टनला हुकूम केला की गप्प बस, आणि तू बसलीस. अहवालात लिहिलं गेलं की जखमी रस्ता बंद असल्यामुळे उशिरा पोचली. त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या चादरी त्या मुलीने काढल्या, नीट घड्या घालून आपल्या दोघींच्या पलंगांवर ठेवल्या आणि निघून गेली. तिला कुणीच काही सांगितलं नाही.

नऊ वर्षं तू अपराध्यासारखी राहिलीस आणि मी तुला राहू दिलं. तू मुदत संपताच फौज सोडलीस, जंगलाच्या कडेचं उपकेंद्र धरलंस, लग्नाचं नाव काढू दिलं नाहीस. लोकांना तो त्याग वाटला. माझी बढती झाली. मी निवृत्त होऊन ऊर्जानगरला भावाच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हापासून तू दर दोन-तीन महिन्यांनी यायचीस. पिशवीत जवस असायचंच. चहा व्हायचा, तुझ्या डासांच्या आणि माझ्या गुडघ्यांच्या गोष्टी व्हायच्या, आणि निघताना उंबऱ्यात चप्पल घालता घालता तू दर वेळी तेच विचारायचीस.

"बाई, तुमाले मले काई सांगाचं हाये का?"

मला वाटायचं, ही पुन्हा तेच उकरतेय. माझ्याकडून परवानगी मागतेय डॉक्टरांना सांगायची. मी म्हणायचे, बस चुकेल तुझी.

शेवटचं भेटलो ते चामोर्शीच्या बाजारात. मी मुद्दाम आले होते, तुझी तब्येत बघायला म्हणून. तू वांगी निवडत होतीस. तिथे, त्या गर्दीत, हातात वांगं धरून तू पुन्हा विचारलंस. आणि मी चिडले. तुला नीट ऐकू जावं एवढ्या मोठ्याने म्हणाले, "वेळ तू सांगितलीस, निर्मला. मी फक्त लिहिली."

वांगीवाली आपल्याकडे बघायला लागली. तू वांगं टोपलीत परत ठेवलंस, माझ्या हातात जवसाची पुडी दिलीस, आणि म्हणालीस, बरं जी. माझ्यावर तू कधीच खेकसली नाहीस. एकदा खेकसायला हवं होतंस. त्यानंतर तू ऊर्जानगरला आली नाहीस, आणि मीही फोन केला नाही. मला वाटलं, राग उतरला की येईल.

तेरवीहून परतल्यावर आठ दिवस ते साडेतीन माझ्या कानातून जाईना. मग मी जुन्या ओळखीतून डॉक्टर सहानींचा नंबर मिळवला. ठरवलं होतं की सगळं सांगायचं. त्या माणसाने नऊ वर्षं मनात धरलं असेल की आपण पट्टा सोडला म्हणून बाई गेली. निदान त्याचं तरी ओझं उतरवू. मी स्वतःवर खूश होते, निर्मला, हेही सांगते. फोन लावताना मला चक्क धीट वाटत होतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की त्यांना हे सगळं ठाऊक आहे. तुझं पत्र त्यांना त्याच वर्षी आलं होतं.

म्हणजे माझा हुकूम तू काही महिनेच पाळलास.

त्यांनी पत्र शोधून मला वाचून दाखवलं. तू लिहिलं होतंस की वेळ मीच सांगितली आणि कपाळावर मीच लिहिली. मेजर मॅडम दुसऱ्या जखमीकडे होत्या. दुपारच्या आधीच चूक माझ्या लक्षात आली, मी रजिस्टरमध्ये ती खोडून दुरुस्त केली, पण वायरलेसवर बोलायची माझी हिंमत झाली नाही. मॅडमना यातलं काही माहीत नाही.

रजिस्टर तू पाहिलं होतंस, आणि सव्वादहाला मला ते भरतानाही. ती खोडाखोड, माझं आठ दहा, माझं अक्षर, सगळं पाहिलं होतंस. मला कधी कळलं होतं हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. तू परवानगी मागायला येतच नव्हतीस. तुला नवीन काही कळून घ्यायचंही नव्हतं. तुला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यासाठी तू दर दोन-तीन महिन्यांनी दोन बस बदलून येत राहिलीस.

मी डॉक्टरांना म्हटलं, नाही, ती मी होते. लिहिणारी मी, खोडणारी मी, गप्प बसणारी मी. ते फार मऊ आवाजात म्हणाले, मॅडम, गेलेल्या ज्युनिअरचा दोष तुम्ही स्वतःवर घेताय, तुमच्यासारखे वरिष्ठ आता राहिले नाहीत. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, मी तिला केव्हाच माफ केलंय, तसं तिला कळवलंही होतं, तुम्ही त्रास करून घेऊ नका. मी तिसऱ्यांदा सांगायला गेले तर त्यांनी तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

तर हे असं झालं. आता खरं सांगितलं तरी तो माझा मोठेपणा ठरतो. ही शिक्षा तू ठरवून दिली नसशील, तेवढी कारस्थानी तू नव्हतीस. पण ती मला बसली.

माझ्यावर विश्वास ठेवेल असं एकच माणूस उरलं होतं. म्हणून परवा तुझ्या गावी गेले. माय अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. रेबेका, कपाळ, सव्वादहा, एक वाजता, तुझे साडेतीन तास, बाजारातलं माझं वाक्य. काही वगळलं नाही. ती सूप थांबवून ऐकत होती. मधे एकदा डोळ्यांतला कोंडा पुसला.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "मालूम होतं तिले. म्हणे, बाई एक दिवस सांगन." मग सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "मंग आता काऊन सांगून राह्यली? उठून बसनार हाये का माही पोरगी?"

माझेच शब्द. तू तिला ते सांगितले होतेस, की तिला आपले आपण सुचले, हे मी विचारलं नाही.

मी उठले तशी ती आत गेली आणि तुझं घड्याळ घेऊन आली. माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, राहू द्या, तिची आठवण आहे. माय म्हणाली, "घेऊन जा. आमच्या घरी भितीवर हाये घड्याळ." आणि पुन्हा पाखडायला बसली. मी फाटकापर्यंत गेले तरी तिने वर पाहिलं नाही.

मनगटावर बांधायची माझी छाती झाली नाही. टेबलावर ठेवलंय, समोर. काटे मागे-पुढे करायची गरज नाही, निर्मला. इथे ते बरोबर चालतं.